ब्रिटिश विनोद सूक्ष्म आणि अमेरिकन म्हणजे धांगडधिंगा? (दोन सिनेमे निवडायचे आहेत)

कोपरखळी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये महिन्यातून एकदा प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवतो. या खेपेला लागोपाठच्या दोन शनिवारी एक जुना ब्रिटिश आणि एक जुना अमेरिकन विनोदी सिनेमा लावावा असं माझ्या मनात आहे. समितीतल्या एका गृहस्थांनी मात्र आधीच निकाल देऊन टाकलाय: ब्रिटिश विनोद सूक्ष्म असतो, अमेरिकन म्हणजे नुसता धांगडधिंगा, तेव्हा दुसरा शनिवार हवाच कशाला? समितीत मी एकटीच बाई, त्यामुळे वाद घालायचा तर पुरता दारूगोळा घेऊन जावं लागतं.

मी 'द लेडीकिलर्स' दोन्ही पाहिलेत, १९५५ चा ब्रिटिश आणि २००४ चा टॉम हँक्सवाला. गोष्ट तीच, पण दुसऱ्यात मला निम्मंही हसू आलं नाही. का, ते नेमकं सांगता येत नाही. जाणकारांनी मदत करावी. प्रेक्षकांत सातवीतल्या पोरांपासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे असतात.

दुपारचा_शो

ताई, त्या गृहस्थांना आधी 'कॅरी ऑन' मालिकेतला एखादा सिनेमा दाखवा. १९५८ ते १९९२ या काळात ब्रिटनमध्ये असे ३१ सिनेमे निघाले. त्यात सूक्ष्म काही सापडलं तर मला कळवा. 'कॅरी ऑन... अप द खैबर' (१९६८) बघा. खैबरखिंड म्हणून वेल्समधले स्नोडनचे डोंगर आहेत, सरहद्दीवरचा संस्थानिक झालाय केनेथ विल्यम्स, आणि सगळी भानगड कशावरून, तर स्कॉटिश पलटणीचे शिपाई किल्टच्या, म्हणजे त्यांच्या घागऱ्यासारख्या पोशाखाच्या, आत काही घालतात की नाही यावरून. आमच्याकडे तमाशातला सोंगाड्यासुद्धा याहून आडून बोलतो.

पण त्याच सिनेमात शेवटी जेवणाचा प्रसंग आहे. बाहेरून तोफा चालल्यात, छताचा गिलावा ताटात पडतोय, वादकांवर भिंत कोसळायला आलीय, आणि गव्हर्नरसाहेब, त्यांची बायको, अधिकारी सगळे नीट पोशाख करून जेवताहेत, हवापाण्याच्या गप्पा मारताहेत. एक धर्मोपदेशक तेवढा भेदरून टेबलाखाली शिरायला बघतो, आणि त्या पंगतीत वेडा ठरतो तोच. इतक्या आचरट सिनेमात हा प्रसंग आहे, हे महत्त्वाचं. आचरटपणा दोन्ही देशांत भरपूर आहे. फरक पाहायचा तर माणसाला अडवतं काय, ते पाहावं. ब्रिटिश सिनेमात रीतभात आडवी येते. अमेरिकन सिनेमात ती पहिल्या दहा मिनिटांत मोडीत निघते, आणि मग गाडीला ब्रेकच उरत नाही.

याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे एक पटकथालेखक. विल्यम रोज. जन्माने अमेरिकन, मिसूरीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्येच राहिला आणि तिथे त्याने 'जेनेव्हिव्ह' (१९५३) आणि तुमचा 'लेडीकिलर्स' (१९५५) लिहिले. पुढे बायको टॅनिया हिच्याबरोबर हॉलीवूडसाठी 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड' (१९६३) लिहिला. तिन्हींत विषय हाव किंवा चढाओढ. लिहिणारा एकच, त्यामुळे 'इंग्रजांचं रक्तच वेगळं' वगैरे म्हणायची सोय राहत नाही.

'जेनेव्हिव्ह' हे १९०४ सालच्या डाराक मोटारीचं नाव. जुन्या मोटारी घेऊन लंडनहून ब्रायटनला जायचा सोहळा दरवर्षी होतो, त्यात दोन मित्र सपत्नीक, म्हणजे एक सपत्नीक आणि दुसरा समैत्रीण, जातात. परतताना शंभर पौंडांची पैज लागते: वेस्टमिन्स्टर पूल आधी कोण ओलांडतो. मग चोरट्या खोड्या, पोलीस, बायकोचा अबोला, सगळं होतं. आणि अगदी शेवटी, एकेक मिनिट मोलाचं असताना, एक म्हातारे गृहस्थ नायकाला थांबवतात. त्यांच्या तरुणपणी त्यांचीही अशीच डाराक होती, तिची आठवण सांगायचीय. नायक घड्याळ बघतो, घुटमळतो आणि थांबून ऐकतो. पैज हातची जायची वेळ आलीय आणि हा ऐकतोय! मला त्या प्रसंगात दर वेळी हसूही येतं आणि त्या नायकाला हलवावंसंही वाटतं.

आता दहा वर्षांनंतरचा रोज. मूळ कल्पना त्याला स्कॉटलंडमधल्या पाठलागाची सुचली होती. ती पोचली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. एक चोर मोटारीसह दरीत कोसळतो आणि मरता मरता सांगतो की साडेतीन लाख डॉलर एका मोठ्या 'डब्ल्यू'खाली पुरलेत. (हो, 'धमाल' मधला गोव्याचा डब्ल्यू इथूनच आला.) मदतीला उतरलेले पाच जण रस्त्याच्या कडेला उभे राहून आधी सभ्यपणे वाटणी करू पाहतात. गाडीमागे एक हिस्सा, की माणसामागे, की दरीत उतरलेल्यांना जास्त? हिशेब जुळत नाही. झालं, सभा बरखास्त, जो तो गाडीकडे धावतो. यानंतर कुणी कुणासाठी थांबत नाही. जोनाथन विंटर्स एक अख्खा पेट्रोल पंप हातांनी मोडून काढतो. विमानं कोसळता कोसळता वाचतात. त्या गर्दीत टेरी-थॉमस हा एकटा इंग्रज आहे. तो अमेरिकेवर भाषण झोडत एका अमेरिकनाशी मारामारी करतो, आणि दोघांनाही धड मारता येत नाही.

आता तुमचा प्रश्न. १९५५ च्या सिनेमात किंग्ज क्रॉसजवळचं ते घर आठवा. बॉम्बवर्षावाने पाया खचलेला, त्यामुळे भिंतीवरची एकही तसबीर सरळ राहत नाही. पाच दरोडेखोर वादक असल्याचं सोंग घेऊन राहतात. म्हातारीला लूट दिसते, आता तिचं तोंड बंद करायला हवं, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या मैत्रिणी चहाला येतात. पाचही जण मुकाट्याने चहा घेत बसतात! म्हातारी झालेली केटी जॉन्सन तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेली, चिमणीएवढी. तिच्या हातात काठी नाही की जिभेवर शिवी नाही, पण तिने दटावलं की अट्टल गुंड शाळकरी होतात. पुढे एकालाही तिच्यावर हात टाकता येत नाही, ते एकमेकांनाच संपवतात. तिला त्या वर्षीचा ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा, म्हणजे तिथला मोठा चित्रपट पुरस्कार, मिळाला तो उगाच नाही.

कोएन बंधू या दिग्दर्शकांनी २००४ मध्ये गोष्ट मिसिसिपीला नेली. चर्च, गॉस्पेल गाणी, नदीवरचा तरंगता जुगारअड्डा, सगळं तिथल्या मातीतलं. आणि इर्मा हॉल यांची मार्वा मन्सन, म्हणजे तिथली म्हातारी, फर्मास आहे, कान चित्रपट महोत्सवात त्यांना ज्युरी पारितोषिक मिळालं. पण ही बाई मुळातच दणकट आहे. ती थेट सुनावते. त्यामुळे दरोडेखोरांना तिच्यापुढे दबायला उघड कारण आहे. मग हसवायचं ओझं हँक्सच्या अलंकारिक भाषणांवर आणि दुसऱ्या एकाच्या बिघडलेल्या पोटावर येऊन पडतं. तुम्हाला कमी हसू आलं ते त्यामुळे, असं माझं मत.

टेम्सकाठी

दुपारचा_शो काकांना दंडवत. मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतोय, त्यामुळे 'चहा घेत बसतात' हे कार्यालयात रोज बघतो. मीटिंगमध्ये सगळं कोसळत असतं आणि पहिली पाच मिनिटं हवामानावर जातात.

अवांतर: 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) बघितला नसेल तर बघाच. अलेक गिनेस एकाच घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिकेत, आणि नायक सरदारकी मिळवायला एकेकाला वाटेतून दूर करतो. शेवटी तो तुरुंगातून सुटतो, बाहेर दोन बायका दोन गाड्यांत वाट बघताहेत. एक जण येऊन विचारतो, आत्मचरित्र छापायला द्याल का? आणि त्याला आठवतं की सगळ्या खुनांची कबुली लिहिलेले कागद कोठडीतच राहिलेत. संपला सिनेमा. अमेरिकेत हे चाललं नाही. तिथल्या सेन्सॉरच्या नियमाप्रमाणे गुन्हेगार सुटता कामा नये, म्हणून ते कागद अधिकाऱ्यांच्या हाती लागल्याचं दाखवणारा छोटा तुकडा जोडला. काही सेकंदांचा मामला, पण विनोद गेला.

जर्सीकर

काका, तुमचा तराजू जरा ब्रिटनकडे झुकलाय. अमेरिकन विनोदी सिनेमात माणसाला बदलायची मुभा असते, हे तुम्ही सांगितलंच नाही. 'ग्राउंडहॉग डे' (१९९३) मधला बिल मरी तोच दिवस पुन्हा पुन्हा जगून शेवटी पियानो शिकतो आणि माणसात येतो. इंग्रजांच्या 'विदनेल अँड आय' (१९८७) मध्ये विदनेल सुरुवातीला बेकार, दारुडा नट, शेवटी पावसात लांडग्यांना 'हॅम्लेट' ऐकवणारा बेकार, दारुडा नट. मला तरी पहिला जास्त आवडतो. आणि आपले जाड्या-रड्या कुणाचे म्हणायचे?

दुपारचा_शो

जर्सीकर, बदलण्याचा मुद्दा मान्य, आणि चांगला आहे. 'विदनेल'चा शेवट मात्र मी कुणाला देणार नाही.

जाड्या-रड्या दोघांचे. रड्या, म्हणजे स्टॅन लॉरेल, इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा. चॅप्लिनसारखाच फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीतून अमेरिकेत गेलेला. जाड्या, म्हणजे ऑलिव्हर हार्डी, जॉर्जियाचा. त्यांचा 'बिग बिझनेस' (१९२९) बघा. दोघं दारोदार ख्रिसमसची झाडं विकतात. जेम्स फिनलेसन हा स्कॉटिश नट गिऱ्हाईक. त्याला झाड नको असतं. तो यांचं झाड कापतो. हे त्याच्या दाराची नासधूस करतात. तो यांच्या मोटारीचे दिवे उपटतो. शेवटी घर आणि मोटार दोन्हींचा चुराडा. पण गंमत अशी की एक जण मोडतोड करत असताना दुसरा शांतपणे उभा राहून बघतो, त्याचं पुरतं आटपू देतो, मग आपली पाळी घेतो. पोलीस गाडीत बसून वहीत नोंदी करतोय. विध्वंस अमेरिकन मापाचा, शिस्त रांगेतली.

ताई, हा मूकपट आहे आणि वीसेक मिनिटांचाच. पोरांना भाषेची अडचण नाही. पहिल्या शनिवारी 'लेडीकिलर्स'च्या आधी लावा, तो दीडेक तासाचा आहे.

कोपरखळी

सगळ्यांचे आभार! दुसऱ्या शनिवारी 'मॅड वर्ल्ड' नक्की. गृहस्थांना पेट्रोल पंपाचा प्रसंग आधीच मोबाइलवर दाखवला. हसले, पण 'हा अपवाद' म्हणाले. एकच शंका, एवढा लांब सिनेमा आजोबा मंडळींना झेपेल का?

दुपारचा_शो

मूळ सिनेमा तीन तासांच्या वर होता, मग कापला. तरी अडीच तासांच्या पुढेच आहे. त्यात मध्यंतर मुळातच ठेवलेलं आहे. त्या पाचांतला सिड सीझर आणि त्याची बायको हार्डवेअरच्या दुकानाच्या तळघरात अडकलेत, दुसरीकडे विमान चालवणारा शुद्धीवर नाही, अशा जागी. चहा तिथेच काढा, बिस्किटं आधी वाटू नका. आणि शेवट गृहस्थांना मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवून दाखवा: सगळे पुरुष इस्पितळात बँडेजमध्ये गुंडाळलेले, त्यांतल्या एकाच्या सासूबाई तावातावाने आत येतात आणि केळ्याच्या सालीवरून घसरतात.