लपवण्यासारखं नाही, तर कॅमेऱ्याला भ्यायचं कशाला? (म्हणे!)

तिसरा_मजला: सोसायटीत मजल्यामजल्यावर कॅमेरे लावा, लपवण्यासारखं नसेल त्याने भ्यायचं कशाला, असं कालच्या धाग्यावर एका महाशयांनी ठणकावलं. दोन ओळींत भागेना म्हणून हा वेगळा धागा. आमच्याकडे कॅमेरा बरोबर दारासमोर बसलाय. आई कचऱ्याचा डबा ठेवायला गाऊनवर सरळ बाहेर यायची, आता आधी ओढणी शोधते. शेजारच्या काकू उंबऱ्यात अर्धा अर्धा तास बोलायच्या, आता फोन करतात. भिंतीपलीकडून! यात लपवण्यासारखं काय होतं? बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंताने कागदावर आखलेल्या तुरुंगात मधल्या मनोऱ्यात पहारेकरी आहे की नाही तेच कैद्याला दिसणार नव्हतं, म्हणून तो कायम शिस्तीत राहील अशी कल्पना. आमचा मनोरा म्हणजे सेक्रेटरीचा मोबाइल.

निवृत्त_ऑडिटर: सायकल चोरीला गेली की कळेल. आमचा चोर फुटेजवरच सापडला. आणि इंग्लंडात न्यूकॅसलच्या विद्यापीठात, चहा-कॉफीचे पैसे ज्याने त्याने आपणहून टाकायच्या डब्याच्या वर नुसतं डोळ्यांचं चित्र लावलं, तर जवळपास तिप्पट पैसे जमले. 2006 चा अभ्यास आहे. कोणी बघतंय म्हटलं की माणूस नीट वागतो.

तिसरा_मजला: पुढचंही वाचा की. 2017 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले, तर डोळे लावून दानत वाढत नाही असंच निघालं.

ओला_सुका: आमच्याकडे कॅमेऱ्यामुळेच कळलं, ओल्या कचऱ्यात डायपर कोण टाकतं ते. क्लिप ग्रुपवर टाकली, दुसऱ्या दिवसापासून बंद!

चहाबाज: बंद कसलं, ते आता जिन्याखाली टाकत असतील. आणि वेगळा करून उपयोग काय? गाडीत सगळं एकत्रच ओततात.

ओला_सुका: आमच्या गाडीला दोन कप्पे आहेत. न बघता ठोकू नका.

चहाबाज: कप्पे आहेत हो, मधला पत्राच गायब आहे! रोज सकाळी गॅलरीतून बघतो.

निवृत्त_ऑडिटर: म्हणजे पाळत तुम्हीही ठेवताच. 😄

चहाबाज: माझी गॅलरी ग्रुपवर क्लिपा टाकत नाही, साहेब.

कामावरून_आले: तुमचा कचरा झाला असेल तर बोलू? माझी आई चार घरी काम करते. निघताना पिशवी कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवायची, असा नियम. घरून नेलेला डबासुद्धा ती आता नेत नाही, उपाशी राहते. मॅडमच्या पर्सा कोणी उघडत नाही.

निवृत्त_ऑडिटर: ते चूक आहे. पण तो नियमाचा दोष, कॅमेऱ्याचा नव्हे.

तिसरा_मजला: 2017 लाच सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवलाय.

निवृत्त_ऑडिटर: तो निकाल घेऊन सेक्रेटरीकडे जा, चहा पाजेल. बरं, मजल्यावरचे काढा, गेट आणि पार्किंगचे राहू द्या. झालं समाधान?

कामावरून_आले: पिशव्या गेटवरच तपासतात, काका.

ओला_सुका: @चहाबाज, पत्र्याचा फोटो टाका. वॉर्ड ऑफिसात मी स्वतः जातो.