श्रमदान सगळ्यांनी केलं, पाणी वाढलं विहीरवाल्यांचं

माणदेशी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. आमच्या गावात दोन उन्हाळे श्रमदान चाललं, माळावर सीसीटी (पाणी जिरवायला उताराला आडवे समतल चर) खोदल्या, दगडी बांध घातले, मी पुण्यावरून दर शनिवार-रविवार जायचो. शेजारची एक मावशी रोज पहाटे यायची, तिला गुंठाभर रान नाही, इथे दोन तास टिकाव मारून मग दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची. पाऊस बरा झाला, विहिरी भरल्या आणि विहीरवाल्यांनी ऊस लावला. मार्चमध्ये मावशीच्या वस्तीवर परत टँकर. तिला "गावासाठी ये" म्हणून मीच बोलवलेलं. परत श्रमदान निघालं तर कुठल्या तोंडाने बोलवू?

कोरेगावकर:
तुमचं दुःख कळतंय, पण पाणी आलं की खुरपणी-काढणीची कामं वाढतात हेही खरंय. २०१६ ला पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप (गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा) झाला तेव्हा त्यात आमचा तालुका होता, एरवी एकमेकांशी न बोलणारी माणसं एका चरात उतरलेली मी बघितलीत. त्याची किंमत कमी नका करू.

पुरंदरचा:
एका चरात उतरले ते ठीक, पण पाणी वाटताना परत वेगळे का? आमच्याकडे नायगावला विलासराव साळुंखेंनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, त्यात पाणी जमिनीच्या मापाने नाही तर माणशी, एका माणसामागे अर्धा एकर भिजेल एवढं आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांचाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही! हे आधी ठरवा, टिकाव नंतर उचला.

रोहयोवाली:
मला तर वाटतं ज्याची जमीन भिजणार त्याने श्रमदान करावं आणि मावशीला त्याच चरासाठी रोजगार हमीच्या मस्टरवर हजेरी, म्हणजे मजुरी, मिळावी. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रात १९७७ चा आहे, मृद-जलसंधारण त्यातलंच काम. जिची चूल रोजच्या मजुरीवर पेटते तिच्याकडे फुकट घाम मागताना शंभरदा विचार करायला हवा, आणि ती "नाही" म्हणाली तर गावाने नाव ठेवू नये. "नाही" म्हणता येत असेल तरच ते दान ना.

माणदेशी:
माणशी पाणी आणि ऊसबंदी, दोन्ही ग्रामसभेत मांडतो. आत्ता मावशीला फोन केला, म्हटलं तूच बोल तिथे. ती म्हणाली, "ग्रामसभेला आमच्या वस्तीला बोलवत्यात का, ते आधी इच्यार."