सेंट्स-रॅम्स २०१९ : रुमाल पडला नाही म्हणून सामना गेला, की आधीच घालवला होता?

देवगडकर_हापूस

दिवाळीनंतर मातीवरचे कबड्डी सामने सुरू व्हायच्या आत नव्या पंचांचा एक दिवसाचा वर्ग ठरलाय. त्यात ‘न दिलेला निर्णय’ म्हणून अमेरिकन फुटबॉलमधली ती गाजलेली क्लिप दाखवायचा बेत आहे. २० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, सेंट्स विरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स, जिंकेल तो सुपर बाउलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होत आली होती.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : २०-२० बरोबरी, १ मिनिट ४९ सेकंद बाकी. सेंट्सचा तिसरा डाऊन (१० यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरी), चेंडू रॅम्सच्या गोलरेषेपासून १३ यार्डांवर, अजून १० यार्ड सरकायचे होते. सेंट्सच्या ड्रू ब्रीजने उजव्या कडेने पळणाऱ्या टॉमीली लुईसकडे चेंडू फेकला. चेंडू पोचायच्या आधीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन धावत आला आणि लुईसला आडवा केला. चेंडू कुठे आहे हे त्याने वळून पाहिलंसुद्धा नाही. पंचाचा पिवळा रुमाल (नियम मोडल्याची खूण) काही पडला नाही. सेंट्सनी ३ गुणांची किक मारून २३-२० केलं, १५ सेकंद राहिली असताना रॅम्सनी बरोबरी केली आणि जादा वेळेत ग्रेग झुअरलाइनच्या ५७ यार्डांच्या किकवर २६-२३ ने सामना नेला.

आता वर्गाआधीच इथे दोन तट पडलेत. एक म्हणतो पंचांनी सामना घालवला, दुसरा म्हणतो सेंट्सनी स्वतः घालवला. मला नेमकं हवंय ते असं : कुठला नियम मोडला, टीव्हीवर बघून तो निर्णय का बदलता आला नाही, आणि रुमाल पडला असता तर खरंच किती फरक पडला असता?

गुहागर_रेषापंच

नियमापासून सुरुवात करतो, कारण अर्धा वाद तिथेच मिटतो.

चेंडू हातातून सुटल्यावर, त्याला कोणाचा हात लागायच्या आधी, बचाव करणाऱ्याने समोरच्याची झेल घ्यायची संधी मोडली तर तो पास इंटरफिअरन्स. सुटका तीनच प्रकारे होते. दोघेही चेंडूकडे बघत झेपावले आणि ओघात धक्का लागला, किंवा चेंडू वाटेत कोणाच्या हाताला लागून वळला, किंवा चेंडू इतका लांब होता की तो कोणालाच झेलता आला नसता. इथे तिन्ही नाही. रोबी-कोलमनची नजर पूर्ण वेळ लुईसवर आहे, चेंडू कोणाला लागलेला नाही आणि लुईस उभा राहिला असता तर तो त्याच्या आवाक्यात येत होता. रोबी-कोलमनने नंतर स्वतःच कबूल केलं की आपण लवकर पोचलो. हातच्या काकणाला आरसा कशाला!

शिवाय हेल्मेटवर हेल्मेट आदळलं. हा वेगळा गुन्हा, त्यालाही रुमाल नाही. पुढे लीगने त्याच धडकेसाठी त्याला २६,७३९ डॉलर दंड केला. म्हणजे एकाच क्षणी दोन चुका सुटल्या.

शिक्षाही समजून घ्या. कॉलेजच्या खेळात या गुन्ह्याला जास्तीत जास्त १५ यार्ड. व्यावसायिक लीगमध्ये जिथे गुन्हा घडला तिथे चेंडू ठेवतात आणि नवा पहिला डाऊन मिळतो. म्हणजे सेंट्सना सहा-सात यार्डांवरून चार नव्या संधी.

मालवणी_वल्ह्या

सात-सात पंच हत आणि एकाकव दिसूक नाय? आमच्याकडे माडार चढान बघणाऱ्या पोराकव दिसला असता!

गुहागर_रेषापंच

@मालवणी_वल्ह्या, सात असतात म्हणूनच तर! सातही जण एका ठिकाणी बघत नाहीत. पांढऱ्या टोपीचा रेफरी चेंडू फेकणाऱ्याच्या मागे असतो, त्याची नजर क्वार्टरबॅकवर. बिल विनोविच तिथे होता आणि सामन्यानंतर त्याने सांगितलं की तो निर्णय त्या भागातल्या पंचाचा होता, आपण स्वतः तो प्रसंग पाहिलेला नाही. त्यात खोटं काही नाही. त्याने तिकडे बघायचंच नसतं.

त्या कडेला दोघे होते. डाऊन जज चेंडूच्या रेषेत उभा, साइड जज पुढे गोलच्या बाजूला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं असेल तर प्रत्येकाला वाटलं असेल, समोरच्याचा कोन चांगला आहे, तो टाकेल रुमाल. हा माझा अंदाज. पण दोन पंच एका हद्दीवर ठेवले की ‘तुझं की माझं’ हा घोटाळा कबड्डीतही होतोच. दोन कोळ्यांनी एकच जाळं ओढायचं आणि गाठ कोणी मारायची ते ठरवायचंच नाही, तशातली गत.

दापोली_दम

चूक होती हे मान्य, त्यावर कोण भांडतंय? भांडण ‘सामना पंचांनी घालवला’ या वाक्याशी आहे.

क्लिप १:४९ ला सुरू करू नका. थोडी मागे न्या. टेड गिनने ४३ यार्डांचा झेल घेतल्यावर सेंट्स १३ यार्डांवर आले, तेव्हा १:५८ होते. पहिल्याच डाऊनला त्यांनी चेंडू जमिनीवरून पळवायचा सोडून पास टाकला. पास पडला, घड्याळ थांबलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू झेलला गेला नाही की घड्याळ थांबतं, पळणारा मैदानातच आडवा झाला की चालू राहतं. पहिल्या डाऊनला पळाले असते तर रॅम्सना तिथेच एक टाइमआउट (घड्याळ थांबवायची मोजकी सवलत) वापरावा लागला असता, नाहीतर चाळीसएक सेकंद आपोआप गेली असती. दुसऱ्या डाऊनला पळाले ते एक इंचही पुढे सरकले नाहीत. मग तिसरा, ज्यावर ही सगळी रामकहाणी.

आणि त्याच्या आधीचा रॅम्सचा डाव बघा. जॅरेड गॉफ गोलकडे पळत असताना सेंट्सच्या ए. जे. क्लाइनने त्याच्या हेल्मेटची जाळी धरून ओढली. तोही रुमाल पडला नाही! पडला असता तर रॅम्सना गोलच्या तोंडाशी नव्या संधी मिळाल्या असत्या. त्याऐवजी त्यांना ३ गुण घेऊन २०-२० वर थांबावं लागलं. म्हणजे ज्या बरोबरीवर सेंट्सवाले रडतात ती बरोबरीच एका सुटलेल्या रुमालामुळे राहिली होती. न्यू ऑर्लिन्समध्ये कोणी ती क्लिप दाखवत नाही, एवढंच.

जादा वेळेत पहिला चेंडूही सेंट्सनाच मिळाला होता. ब्रीजचा पास रॅम्सच्या जॉन जॉन्सनने पकडला. त्याला पंच काय करणार?

रत्नांग्री_७२

दम, फेसमास्कचा (जाळी ओढल्याचा) मुद्दा बरोबर, पण त्या एका रुमालाचं वजन तू कमी धरतोयस. हिशेब मांडू.

रुमाल पडला असता तर घड्याळ १:४५ च्या आसपास, चेंडू सहा यार्डांवर, पहिला डाऊन, रॅम्सकडे एक टाइमआउट. सेंट्सनी गुण करायची घाईच करायची नाही. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन नुसता गुडघा टेकतो, डाऊन तिथेच संपतो, ३ सेकंद जातात, १:४२. रॅम्स टाइमआउट घेतात. पुन्हा गुडघा, १:३९, आता थांबवायला काहीच नाही, ४० सेकंद वाहून जातात, ०:५९. तिसरा गुडघा, ०:५६, पुन्हा ४० सेकंद, ०:१६. चौथ्या डाऊनला समोरून सोपी किक, चार सेकंद. रॅम्सच्या हाती १२ सेकंद आणि टाइमआउट शून्य.

प्रत्यक्षात काय झालं? किक झाल्यावर घड्याळात १:४१ होते. १२ सेकंद आणि १०१ सेकंद यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे कागदी गणित नाही. सुपर बाउल ५७, फेब्रुवारी २०२३ आठवा : चीफ्स-ईगल्स ३५-३५, १:५४ बाकी, तिसरा डाऊन, ८ यार्ड हवेत, चेंडू ईगल्सच्या १५ यार्डांवर. जवळजवळ तीच परिस्थिती. फक्त इथे पंचाने रुमाल टाकला, जेम्स ब्रॅडबेरीने जुजू स्मिथ-शूस्टरची जर्सी धरली म्हणून. पुढे चीफ्सच्या मॅकिननला गोल मोकळा दिसत होता, तरी तो मुद्दाम दोन यार्डांवर घसरून बसला. मग गुडघे टेकणं, आणि ८ सेकंद राहिली असताना हॅरिसन बटकरची २७ यार्डांची किक. ३८-३५. सेंट्सना नेमकं हेच करता आलं असतं.

आणि गंमत बघा, तिथे रुमाल टाकला तरी पंचांना शिव्याच! ब्रॅडबेरीने स्वतः सांगितलं की हो, मी धरलं होतं. तरी लोक म्हणतात, शेवटच्या दोन मिनिटांत एवढ्या बारीकशा ओढीला रुमाल टाकतात का?

संगमेश्वर_फाटा

दुसरा प्रश्न कोणी घेतला नाही, मी घेतो.

त्या वेळी टीव्ही बघून तपासायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या : झेल झाला का, पाय रेषेबाहेर होता का, चेंडू गोलरेषा ओलांडून गेला का. इंटरफिअरन्स त्या यादीत नव्हता. दिलेला असो वा न दिलेला, तो पंचाच्या निवाड्याचा भाग. त्यामुळे मोठ्या पडद्यावर ७० हजार माणसांना दिसलं तरी पंचांना त्याचा आधार घेता येत नव्हता. सामना संपल्यावर लीगने प्रशिक्षक शॉन पेटनकडे फोनवर चूक मान्य केली. वरातीमागून घोडं.

मग लोकांनी नियमावलीतला १७ वा नियम शोधून काढला, कमिशनरला, म्हणजे लीगच्या प्रमुखाला, ‘कमालीचा अन्याय’ झाला तर निकाल फिरवायचा किंवा सामना पुन्हा खेळवायचा अधिकार. पण तो बाहेरच्या माणसाने मैदानात घुसून खेळ बिघडवला वगैरे प्रसंगांसाठी आहे. पंचाच्या निवाड्याविरुद्ध दाद मागायची ती जागा नाही, हे तिथेच लिहिलंय. काही प्रेक्षक कोर्टात गेले, तिथेही हाती काही लागलं नाही. सुपर बाउलच्या दुसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या दैनिकाने पहिलं पान जवळजवळ कोरं सोडलं, ‘सुपर बाउल? कसला सुपर बाउल?’ एवढंच छापून.

मार्च २०१९ मध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी नियम बदलला. आता न दिलेला इंटरफिअरन्सही टीव्हीवर तपासता येणार, एक वर्षापुरता. आणि इथे खरं गाडं अडलं. पाय रेषेच्या आत की बाहेर हे मोजता येतं. ‘संधी मोडली का’ हे मोजता येत नाही. स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात ओढल्यासारखा दिसतो. म्हणून लीगच्या न्यू यॉर्कमधल्या कचेरीने निर्णय फिरवायचा उंबरठा फार उंच ठेवला. प्रशिक्षक आव्हानं देत राहिले, बहुतेक फेटाळली जात राहिली. ५ जानेवारी २०२० ला पुन्हा सेंट्स, पुन्हा तेच सुपरडोम, पुन्हा जादा वेळ : वायकिंग्जच्या काइल रुडॉल्फने बचाव करणाऱ्याला हाताने ढकलून झेल घेतला आणि सामना २६-२० संपला. ज्यांच्यासाठी नियम आणला त्यांच्याच विरुद्ध झालेला धक्का, आणि तपासणीत तो गुन्हा ठरलाच नाही. २०२० पासून तो नियमच काढून टाकला.

मालवणी_वल्ह्या

बैल गेलो आणि झोपो केलो, आणि झोपोय पडलो!

राजापूर_गंगा

देवगडकर, वर्ग कबड्डी पंचांचा आहे, तर क्लिपसोबत आपल्यातला जोडीदार प्रसंगही ठेवा. हांगझोऊ आशियाई स्पर्धा, ७ ऑक्टोबर २०२३, भारत-इराण अंतिम सामना, २८-२८, मिनिटभराचा खेळ बाकी. भारताचा पवन सेहरावत तिसऱ्या चढाईवर (दोन रिकाम्या चढायांनंतरची, गुण घ्यावाच लागणारी) कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात (कडेच्या लॉबीच्या पट्टीत) गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. स्पर्श झाल्याशिवाय राखीव क्षेत्र खेळात येत नाही. मग बाद फक्त चढाई करणारा, की मागे गेलेले सगळे? जुन्या आणि नव्या नियमाची उत्तरं वेगळी. तासभर खेळ थांबला, निर्णय इकडून तिकडे फिरला, शेवटी भारत ३३-२९. तिथे डोळे कमी पडले नाहीत. कुठलं नियमपुस्तक धरायचं हे आधी ठरलं नव्हतं.

वर्गात त्यातून घ्यायचं ते सरळ आहे. नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना सांगा : राखीव क्षेत्राचा कुठला नियम, तिसरी चढाई आहे की नाही, बोनस किती खेळाडू असताना. तोंडी सांगून भागत नाही, गुणलेखकाच्या कागदावर लिहून दोघांची सही घ्या.

आणि हद्द वाटून द्या. पायांकडे बघणारा पंच हातांकडे बघणार नाही. बोनससाठी पुढचा पाय रेषेपलीकडे आणि मागचा पाय हवेत, हे ज्याने बघायचं त्याने मान वर करायची नाही. दोघांचं जमलं नाही तरच सरपंच, म्हणजे मुख्य पंच.

बाकी आपल्या लाल मातीचा एक खास त्रास आहे. फक्कीच्या रेषा ३ ते ५ सेंटिमीटर रुंद हव्यात, पण रात्री दव पडलं की फक्की ओली होऊन मातीत मिसळते. तिसऱ्या सामन्यापर्यंत राखीव क्षेत्राची रेषा गुलाबी होते आणि मधे मधे तुटते. पुसल्या रेषेवर पाय आत की बाहेर हे कोणी कितीही प्रामाणिक असला तरी सांगू शकत नाही. मध्यंतराच्या पाच मिनिटांत सुतळी ताणून रेषा परत मारा. हॅलोजन एकाच बाजूला लावू नका, लांब सावली पडली की पाय कुठे टेकला ते कळत नाही.

देवगडकर_हापूस

सगळ्यांचे आभार. ठरलं : सेंट्स-रॅम्सची क्लिप १:४९ पासून नाही, १:५८ पासून. त्याआधी गॉफची जाळी ओढली तो तुकडा. मग सुपर बाउल ५७, मग हांगझोऊ. प्रत्येक तुकडा आधी साध्या वेगात एकदाच, आवाज बंद करून, आणि निर्णय कागदावर लिहून घ्यायचा. स्लो मोशन नंतर.

एक राहिलंच. रुडॉल्फचा धक्का दाखवू की नको?

दापोली_दम

दाखव, पण शेवटी. आणि आधी सांगू नको की तो कोणाच्या बाजूने गेला. नाहीतर सगळे सेंट्सची दया येऊन रुमाल टाकतील.