हौशी लोकांनी बांधलेले समुद्रगामी कॅटामरान: त्या काळी हे जमले कसे?

जिज्ञासू_खलाशी

नमस्कार. १९५० ते १९८० या दशकांत जहाजबांधणीचे कोणतेही औपचारिक शिक्षण नसलेल्या माणसांनी परसात, भाड्याच्या शेडमध्ये किंवा खाडीच्या काठावर प्लायवूडचे कॅटामरान (दोन समांतर हल तुळयांनी जोडलेल्या नौका; हल म्हणजे नौकेचा पाण्यात बसणारा मुख्य सांगाडा) बांधले आणि त्यांतून महासागर ओलांडले, याविषयी सध्या वाचतो आहे. जेम्स व्हॅरम या इंग्रज नौकाकाराची ‘टांगारोआ’ तर जेमतेम २३ फूट ६ इंच लांबीची होती, तरी ती अटलांटिक पार करून गेली.

माझी शंका अशी आहे. एकाच हलची, तळाशी जड कणा असलेली नौका लाटेने आडवी केली तरी त्या वजनामुळे पुन्हा उभी राहते. कॅटामरानला तो आधार नसतो. शिवाय प्रत्येक लाटेगणिक दोन्ही हल वेगवेगळे वर-खाली होतात आणि त्यांना जोडणाऱ्या तुळयांना पीळ बसतो. ज्यांना हा हिशेब करून देणारा अभियंता परवडत नव्हता, त्यांच्या नौका मोडल्या कशा नाहीत? की ज्या पोहोचल्या त्यांच्याच हकिगती आपल्यापर्यंत आल्या? बांधणीच्या अंगाने कोणी सविस्तर लिहिल्यास आनंद होईल.

दर्यावर्दी

अभियंता नव्हता हे खरे, परंतु समोर शेकडो वर्षे पारखलेला नमुना होता. पॉलिनेशियातील लोक दोन होड्या एकमेकींना बांधून पॅसिफिकमध्ये दूरदूरची बेटे गाठत होते. तोच नमुना समोर ठेवून एरिक द बिशप या फ्रेंच दर्यावर्दीने हवाईत ‘काइमिलोआ’ बांधली आणि १९३७–३८ मध्ये तो तिच्यातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून थेट फ्रान्सला पोहोचला. व्हॅरमने प्रेरणा घेतली ती या सफरीवरून. १९५४ मध्ये त्याने ‘टांगारोआ’ बांधली आणि १९५५–५६ मध्ये रूथ आणि युटा या दोन जर्मन तरुणींसह इंग्लंड सोडून कॅनरी बेटांमार्गे त्रिनिदाद गाठले. त्या दोघींचा उल्लेख पुष्कळदा केवळ सोबतिणी म्हणून होतो, हे मला अन्यायाचे वाटते, कारण इतक्या लहान नौकेवर प्रत्येक माणूस पूर्ण खलाशीच असावा लागतो.

त्रिनिदादमध्ये त्यांनी ४० फुटांची ‘राँगो’ बांधली. या कामात बर्नार्ड म्वातेसिए या नामांकित फ्रेंच दर्यावर्दीचा हातभार लागला. ‘टांगारोआ’चा तळ सपाट होता, ‘राँगो’चा मात्र इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा. असा तळ लाटेवर आपटत नाही आणि वेगळा कणा न लावताही नौकेला वाऱ्याच्या रेट्याने बाजूला सरकू देत नाही. शिवाय प्लायवूडचे सपाट तक्ते जोडून तो साकारता येतो, ही गोष्ट हौशी माणसासाठी फार मोलाची होती. १९५९ मध्ये ‘राँगो’ न्यूयॉर्कहून आयर्लंडला गेली. बहुहली नौकेने उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडण्याची ती पहिली वेळ मानली जाते.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळतो. जोड ताठ ठेवला तर सगळा पीळ तुळई आणि हल जिथे मिळतात त्याच कोपऱ्यात साचतो, आणि तिथे कितीही पोलाद घातले तरी तडा जाण्याची भीती राहते. व्हॅरमने तुळया हलांना घट्ट जखडल्याच नाहीत. त्याच्या पुढील नौकांत जोडांमध्ये रबराच्या गाद्या आल्या, आणि १९८० च्या दशकातील ‘टिकी’ मालिकेत तर तुळया दोरीने बांधल्या जाऊ लागल्या. त्यामुळे प्रत्येक हल लाटेबरोबर थोडा हलतो आणि ताण एका जागी साठत नाही. दोन हलांच्या मध्ये खोली न बांधता फटी असलेला उघडा डेक ठेवल्यामुळे खालून आलेली लाट आपटण्याऐवजी फटींतून वर निघून जाते. राहण्यासाठी अर्थातच अरुंद हलच उरत, आणि त्या अडचणीत महिनोन्‌महिने काढण्याची तयारी हासुद्धा त्या रचनेचाच भाग होता.

लाकूड_आणि_सरस

वरील प्रतिसादाला एक जोड द्यावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने आणि बोटी बांधण्यासाठी पाण्यात न सुटणारे कृत्रिम सरस मोठ्या प्रमाणावर वापरात आले आणि त्यांच्या साहाय्याने बनलेले मरीन प्लायवूड नंतर सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. ते नसते, तर हा अध्याय घडलाच नसता. फळ्यांची नौका बांधायला पिढीजात सुताराचा हात लागतो. प्लायवूडला अचूक रेखाटन आणि धीर पुरतो.

पद्धत साधारण अशी असे: आधी हलच्या आतील आडव्या भिंती, म्हणजे पडदे, उभे करायचे, त्यांवर लांब पट्ट्या बसवायच्या आणि मग प्लायवूडचे तक्ते सरस लावून, काशाच्या खाचेदार खिळ्यांनी ठोकायचे. रिसॉर्सिनॉल हा गडद तांबूस सरस उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, पण त्याच्या अटी कडक आहेत: सांधा तंतोतंत बसलेला हवा, शिकंज्यांचा दाब भरपूर हवा आणि सरस सुकताना पुरेशी ऊब हवी. उघड्या शेडमध्ये हिवाळ्यात काम करणाऱ्या हौशी माणसाला हे सगळे एकाच वेळी साधणे अवघड जाई, आणि बाहेरून निर्दोष दिसणारा सांधा आत पोकळ राही. युरिया फॉर्मल्डिहाइडचा सरस लावायला सोपा आणि स्वस्त होता, परंतु सततच्या ओलाव्यात तो दमतो.

१९७० च्या दशकात इपॉक्सी हे दोन घटक मिसळून घट्ट होणारे रेझिन आले आणि चित्र पालटले. अमेरिकेतील गूजन बंधूंनी ते लाकडी नौकांसाठी रूढ करण्यात पुढाकार घेतला. इपॉक्सी फट भरून काढते आणि त्याला फारसा दाबही लागत नाही. त्यामुळेच तक्त्यांच्या कडा तांब्याच्या तारेने शिवायच्या, आतून इपॉक्सीचा लगदा भरायचा आणि वर काचकापडाची पट्टी चढवायची, ही सोपी रीत समुद्रगामी नौकांनाही लागू करता आली.

जुन्या नौका बहुतेक वेळा सडून संपल्या, आणि सडण्याचे कारण समुद्राचे खारे पाणी नसून डेकमधून झिरपणारे पावसाचे गोडे पाणी होते. त्यातही पॉलिएस्टर रेझिनचे आवरण चढवलेल्या नौका लवकर गेल्या. ते रेझिन लाकडाला नीट धरत नाही. कालांतराने सुटते आणि मागे शिरलेले पाणी तिथेच कोंडून राहते.

वारा_आणि_वजन

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरीही ज्या पोहोचल्या त्यांच्याच हकिगती उरल्या का, हा प्रश्न इतक्या सहज सोडू नये. आर्थर पायव्हर या अमेरिकनाने हौशी लोकांसाठी ट्रायमरानचे (तीन हलांच्या नौकांचे) आराखडे विकून हीच चळवळ दुसऱ्या अंगाने वाढवली, १९६० मध्ये स्वतःच्या नौकेने अटलांटिकही ओलांडला, आणि १९६८ मध्ये तो समुद्रातच बेपत्ता झाला. त्याच्याच आराखड्याची, प्लायवूडची ‘व्हिक्ट्रेस’ घेऊन नायजेल टेटली जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरला होता. शर्यतीच्या अखेरीस त्याने ती सोसवेल त्याहून जास्त पिटाळली आणि मे १९६९ मध्ये अझोर्स बेटांच्या परिसरात ती फुटून बुडाली. तो स्वतः वाचला.

पालथे होण्याचा हिशेब मात्र सोपा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा. समजा नौकेचे वजन ३ टन आहे आणि दोन हलांच्या मध्यरेषांत ४ मीटर अंतर आहे. वाऱ्याकडील हल पाण्याबाहेर येऊ लागतो त्या क्षणी तिला सावरणारा जोर सर्वाधिक, म्हणजे ३ गुणिले २, असा ६ टन-मीटर असतो. त्यापुढे तो घटतच जातो. शिडावरील दाबाचा मध्य ५ मीटर उंचीवर धरला, तर तिला पालथी करायला १.२ टनांचा आडवा रेटा पुरतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे २० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा २८ नॉटचा झाला की हा रेटा जवळजवळ दुप्पट होतो. व्हॅरमच्या नौकांच्या बुटक्या डोलकाठ्या आणि बेताची शिडे यांचे कारण इथे सापडते. १९६७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ शर्यतीत पालथी झालेली ‘गोल्डन कॉकरेल’ काही घरगुती बांधणीची नव्हती. धोका बांधणाऱ्याच्या हौशीपणात नसून वाऱ्याच्या मानाने शीड जास्त ठेवण्यात होता.

जिज्ञासू_खलाशी

मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. वजन वाढले की सावरणारा जोरही वाढतो, मग नौका जास्त भरणे सुरक्षित ठरत नाही का?

दर्यावर्दी

कागदावर तसे दिसते खरे, पण अरुंद हलांवर थोडा भारही फार जाणवतो. ते खोल बसतात, नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, लाटेवर चढण्याऐवजी तिच्यात घुसते आणि डेक पाण्याच्या इतका जवळ येतो की लाटा खालून धडका देऊ लागतात. वाढलेला सगळा भार शेवटी तुळयांच्या बांधणीवरच येतो. आराखड्यात नसलेले फर्निचर, जाड प्लायवूड, मोठे इंजिन अशी भर घालत गेलेल्या अनेक हौशी नौका संथ आणि बेभरवशाच्या झाल्या. याच्या उलट उदाहरण रोरी मॅकडूगलचे आहे. त्याने ‘टिकी २१’ ही अवघ्या २१ फुटांची नौका स्वतः बांधली, मोजकेच सामान घेतले आणि १९९१ ते १९९७ या काळात तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. २०१० मध्ये त्याच नौकेने त्याने पुन्हा अटलांटिक ओलांडला.