शब्दचर्चा : ‘ॲब्सर्ड’ विनोद, ‘आयडेंटिटी’ आणि एक दिग्दर्शिका

प्रश्न : एका दिग्दर्शिकेचा परिचय मराठीत लिहितो आहे. ‘तंत्रज्ञान आणि आयडेंटिटी यांच्याकडे ॲब्सर्ड विनोदातून पाहणारी एक्सपेरिमेंटल फिल्ममेकर’ असे मूळ वर्णन. मी ‘अस्मिता’, ‘विसंगत विनोद’ आणि ‘प्रायोगिक’ हे शब्द घातले. वाचून एकाने विचारले, बाई कुठल्या पक्षाच्या? दुसरे शब्द सुचवाल का?

उत्तर : पक्षाची शंका ‘अस्मिते’ने आणली. आजच्या मराठीत अस्मिता समूहाची असते. ती दुखावते, जागी होते, निवडणुकीत उपयोगी पडते. फोनपुढे चेहरा धरून उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाला ती मोठी होते. गंमत अशी, की शब्दाचा जुना अर्थ या विषयाला फार जवळचा आहे. योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी एक. पाहणारा आणि पाहण्याचे साधन जणू एकच आहेत असे वाटणे, ही तिची व्याख्या (2.6). कॅमेऱ्याशी खेळणाऱ्या कलावंताला याहून नेमके काय हवे? पण परिचय वाचणारा पतंजलीपर्यंत जाणार नाही. ‘ओळख’ घ्या.

ओळखीला नेहमी दुसरी बाजू लागते. ती पटते, पटवावी लागते, दाखवता येते, नाकारता येते. यंत्र आले की पटवून घेणारा बदलतो, एवढेच. लिन हर्शमन लीसन या अमेरिकी कलावतीने 1970च्या दशकात रॉबर्टा ब्राइटमोर नावाची बाई रचली. तिच्या नावाने वाहन परवाना होता, क्रेडिट कार्ड होते. ओळख पटत होती, बाईच नव्हती! तिला ‘अस्मिता’ होती असे म्हणून पाहा, वाक्य लगेच कोसळते. याच कलावतीच्या ‘टेक्नोलस्ट’ (2002) चित्रपटात एक शास्त्रज्ञ स्वतःच्या डीएनएपासून तीन प्रतिकृती तयार करते आणि चारही भूमिका टिल्डा स्विंटन करते.

आता ‘ॲब्सर्ड’. ‘विसंगत’ चूक नाही, पण सैल आहे. विसंगती जवळजवळ सगळ्याच विनोदाच्या मुळाशी असते, त्यामुळे ‘विसंगत विनोद’ म्हणजे ओले पाणी. ‘अतर्क्य’ मात्र उलट्या दिशेला नेतो. हिटो श्टायर्ल या जर्मन दिग्दर्शिकेचा 2013चा ‘हाउ नॉट टू बी सीन’ हा लघुपट घ्या. अदृश्य कसे व्हावे याचे धडे तो शैक्षणिक फितीच्या गंभीर चेहऱ्याने देतो. हवाई कॅमेऱ्यांची नजर तपासण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आखलेले पट्टे दाखवतो आणि सांगतो, की चित्रातला एक पिक्सेल जमिनीवरची जेवढी जागा व्यापतो त्याहून लहान झालात, की तुम्ही दिसत नाही. मग माणसे डोक्यावर चौकोनी खोकी घालून पिक्सेल होतात. यात तर्क सुटलेला नाही. यंत्राचा नियम माणसाला अक्षरशः लावला, शेवटपर्यंत नेला, तेव्हा हसू आले. सजीवावर यांत्रिकतेचा थर चढला की हसू येते, हे फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँने 1900 सालीच मांडले होते. इथे त्या थराला हिशेबही आला.

असा पक्का, पण भलतीकडे नेणारा तर्क. त्याला मराठीत घरचा शब्द आहे : तर्कट. म्हणून ‘तर्कटी विनोद’.

आक्षेप : ‘ॲब्सर्ड थिएटर’ला ‘असंगत नाट्य’ हा शब्द समीक्षेत रुळला आहे, ‘न-नाट्य’ही आहे. नव्याची गरज काय? शिवाय ‘तर्कटी’ ही शिवी आहे. तर्कटी माणूस म्हणजे कुभांड रचणारा.

उत्तर : बेकेट, आयनेस्को या नाटककारांसाठी ‘असंगत’ ठेवाच. समीक्षक मार्टिन एस्लिनने 1961 साली त्यांना एका छत्राखाली आणले ते जगण्याचा अर्थच हरवल्याच्या जाणिवेमुळे. तिथे संगती तुटलेली आहे. (लॅटिन ‘ॲब्सर्डस’चा एक अर्थ बेसूर असाही आहे, आणि मराठीत गाण्याच्या साथीला संगत म्हणतात. हा योगायोग मला आवडतो, त्यावरून सिद्ध काहीच होत नाही.) श्टायर्लकडे संगती तुटत नाही, जाच होईपर्यंत ताणली जाते. ‘तर्कटी’त निंदेची छटा आहे, हे मान्य. पण ती माणसाला चिकटते. ‘तर्कटी दिग्दर्शिका’ लिहू नका, ‘तर्कटी विनोद’ लिहा. विनोदाला थोडी बदनामी चालते.

प्रश्न : आणि ‘प्रायोगिक’?

उत्तर : ‘प्रायोगिक रंगभूमी’त तो शोभतो. चित्रपटाला लावला की प्रात्यक्षिक परीक्षेची वही आठवते. ‘प्रयोगशील’ बरा. ‘फिल्ममेकर’ला ‘चित्रपटकर्ती’ म्हणता येईल; ती स्वतःच चित्रण आणि संकलन करत असेल तर ‘दिग्दर्शिका’ अपुरा पडतो. वाक्य असे करून पाहा : ‘यंत्रांच्या जगात माणसाची ओळख कशी ठरते, हे तर्कटी विनोदातून तपासणारी प्रयोगशील चित्रपटकर्ती.’

प्रश्नकर्ता : ‘तपासणारी’ थोडे पोलिसी वाटते. ‘पाहणारी’ ठेवतो. बाकी घेतले.