थायरॉइड आणि पाळी : इंदूरच्या मैत्रिणींनो, अनुभव लिहा

थायरॉइडची गोळी आपल्याकडे हळदीकुंकवातही उघड बोलली जाते, पण पाळीचं काही निघालं की आवाज खाली जातो. हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) असलेल्या, पाळीचं गणित बिघडलेल्या सगळ्यांनी इथे मोकळेपणाने लिहा. डोस सांगू नका, तो प्रत्येकीचा वेगळा असतो. काय झालं आणि कशाने फरक पडला, ते सांगा.

मीच सुरुवात करते. माझी पाळी महिनोन्‌महिने पुढे जायची आणि आली की अंगावरून इतकं जायचं की शाळेत उभं राहून शिकवणं अवघड व्हायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीबरोबर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) या रक्ततपासण्याही करायला सांगितल्या. दोन्ही वाढलेले. त्यांनी छान समजावलं : थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की मेंदू टीएसएच वाढवतो, त्याच ओघात प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाचं संप्रेरक) हेही वाढू शकतं आणि स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. मग गर्भाशयातलं अस्तर साठत राहतं आणि एकदम जातं. रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन उतरलं, म्हणून लोहाची गोळी सुरू झाली. इथेच खरी मेख आहे. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला (थायरॉइडच्या गोळीतल्या संप्रेरकाला) आतड्यात अडवतात. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं, हे औषधाच्या चिठ्ठीवर कुठेच नव्हतं! आता लोहाची गोळी दुपारी घेते, चहापासूनही लांब. टीएसएच हळूहळू खाली आला, त्यानंतर पाळी रुळावर आली. धीर मात्र हवा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच तपासणीला अर्थ असतो.

राजेंद्र नगरहून : थायरॉइडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. आमच्या घरात पहाटे पाचला आधण चढतं आणि माझी नर्सची ड्यूटी सातची. तो अर्धा तास कुठून आणायचा? डॉक्टरांना विचारून रात्री घेऊ लागले, जेवणानंतर निदान तीन तासांनी. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जायचं असेल त्या दिवशी वेळ आधीच ठरवते. सासूबाई आता स्वतःच विचारतात, ‘सूनबाई, जेवून किती वेळ झाला?’

सुदामा नगरहून, कॉलेजातल्या मुलीची आई : निदान झाल्यावर घरोघरचे सल्ले सुरू झाले. कोबी बंद, फुलकोबी बंद, मीठ फक्त सेंधा. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, शिजवलेली कोबी नेहमीच्या प्रमाणात चालते आणि रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच ठेवा. उपासाच्या सेंध्या मिठात पुरेसं आयोडीन नसतं. उलट समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेऊ नका, जास्त आयोडीनने हाशिमोटो बिघडू शकतो. मुलीचा टीएसएच नीट झाला तरी पाळी मात्र आली नाही, तेव्हा पुढे तपासून पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) निघाला. सगळं थायरॉइडच्या माथी मारून थांबू नका, हे मला कळकळीने सांगायचंय.

तिलक नगरहून : मी लॅबमध्ये काम करते. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. निदान दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात.

लोकमान्य नगरहून : पाळी चुकली की ‘थायरॉइडच असेल’ म्हणून बसू नका, आधी गर्भचाचणी करा. मला दिवस राहिलेत हे कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि डोस लगेच वाढला. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं. बाळंतपणानंतर पुन्हा टीएसएच करून डोस कमी झाला. बहिणीला मात्र बाळंतपणानंतर आधी धडधड आणि मग प्रचंड थकवा आला. अंगावर काढू नकोस म्हणून मीच तिला नेलं. तिचेही अँटी-टीपीओ वाढलेले निघाले.