मदत हवी आहे: भाग २ ची पहिली रात्र भाग १ च्या शेवटच्या रात्रीशी जुळत नाहीये (तातडीचं)

उशिराची_लोकल
शनिवारी रात्री शूट आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. आमच्या भयपटाचा दुसरा भाग पहिला संपतो त्याच क्षणी सुरू होतो. मध्ये एक मिनिटही गेलेलं नाही. नायिकेने केस कापलेत. गल्लीतले दिवे बदललेत. टॅक्सी मिळत नाहीये. आणि पट्टी कुठल्या हाताला बांधायची यावरून काल युनिटमध्ये भांडण झालं. असलं काही ज्यांनी निस्तरलंय त्यांनीच लिहा. "गोष्ट बदला" सांगू नका, बदलणार नाही. "कंटिन्युइटीला (शॉट-शॉटमध्ये केस, कपडे, वस्तू जुळतायत ना ते बघायला) कोणी नव्हतं का" हेही विचारू नका.

खिडकीतली_सीट
कंटिन्युइटीला कोणी नव्हतं का?

तिसरी_घंटा
ताई, केस किती कापलेत? खांद्यापर्यंत आणि बॉयकट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी वेणी होती की मोकळे? तेल लावलेले की धुतलेले?

उशिराची_लोकल
बॉयकट. आधी मोकळे, कमरेपर्यंत. भयपट आहे हो, मोकळेच असणार ना.

तिसरी_घंटा
मग गंगावनाचा विषय संपला, त्याला धरायला वेणी लागते. पूर्ण विग घ्या, आणि कपाळाशी जाळी असलेला घ्या. नुसता टोपीसारखा बसणारा घेतलात तर क्लोजअपमध्ये केसांची कड वर उचललेली दिसते. स्वस्तातले विग दिव्याखाली चमकतात, त्यावर आधी पावडर मारून झटकून टाका. नाटकात चौथ्या रांगेपलीकडे काही कळत नाही, पण तुमचा कॅमेरा नाकाशी येणार. शक्य असेल तर केस ओले दाखवा. ओले केस सगळे सारखेच दिसतात.

उशिराची_लोकल
ओले कसे दाखवू? पहिल्या भागात पाऊस नाहीये.

कोजागिरीचं_दूध
अहो, हाच प्रसंग 'हॅलोविन २' या अमेरिकन भयपटवाल्यांवर आला होता. पहिला 'हॅलोविन' १९७८ चा, दुसरा १९८१ चा, आणि दुसरा त्याच रात्री पुढे चालू होतो. नायिका जेमी ली कर्टिसने मधल्या काळात केस बारीक कापले होते, म्हणून दुसऱ्या भागात तिला विग घातला. चित्रपट चालला. तेव्हा विग घाला आणि मोकळ्या व्हा.

आता खरी गंमत. पहिल्या भागात डॉक्टर लूमिस मुखवटेवाल्या खुनी मायकलला सहा गोळ्या घालतो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला तोच प्रसंग पुन्हा दाखवलाय, तिथे मोजलंत तर सात आवाज येतात. आणि हा माणूस खाली येऊन ओरडत सुटतो की मी त्याला सहा गोळ्या घातल्या!

काळा_पडदा
ती चूक नाही. सात झाडल्या, सहा लागल्या. एक चुकली. डॉक्टर आहे तो, नेमबाज नाही.

कोजागिरीचं_दूध
रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं आहे. सातवी खिशातून फेकून मारली का?

काळा_पडदा
मग दुसऱ्या भागाच्या शेवटी मायकलच्या दोन्ही डोळ्यांत गोळ्या जातात, मुखवट्याच्या भोकांतून रक्त येतं, तो आंधळेपणाने हवेत हात चालवतो, आणि १९८८ च्या चौथ्या भागात त्याला सगळं स्वच्छ दिसतं, त्याला काय म्हणाल? ज्याला मारून तो मरत नाही त्याच्या गोळ्या काय मोजता.

उशिराची_लोकल
मंडळी. दिवे. टॅक्सी. पट्टी.

लाइटवाला_काका
कुठली गल्ली, ते सांगा. आणि आधी दिवा कुठला होता, आता कुठला लागलाय? "बदललेत" म्हणजे काय समजायचं आम्ही?

उशिराची_लोकल
गिरगावात, चाळीची गल्ली. आधीचे पिवळे होते, आता पांढरे. भाग १ चं शूट २०२३ च्या मार्चमधलं.

लाइटवाला_काका
म्हणजे सोडियम होता, आता एलईडी आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने कुठला प्रकाश पांढरा धरायचा ते, किती ठेवला होता तेव्हा?

उशिराची_लोकल
ऑटोवर असेल.

लाइटवाला_काका
असेल! बरं.

नीट वाचा. सोडियमचा प्रकाश साधारण २००० केल्विनचा (आकडा कमी तितका पिवळा), रस्त्यावरचा पांढरा एलईडी ४०००-५००० च्या घरात किंवा वर. पण फरक नुसत्या पिवळेपणाचा नाही. सोडियममध्ये निळा-हिरवा जवळपास नसतोच, त्यामुळे त्याखाली कुर्ता निळा असो की हिरवा, सगळं मातकट करडं दिसतं. तुम्ही आता एलईडीखाली शूट करून एडिटला पिवळं करायला गेलात तर निळा निळाच राहील, फक्त त्याला हळद लावल्यासारखं दिसेल. ग्रेडिंगवाला (एडिटला रंग जुळवणारा) कितीही हुशार असो.

उपाय: पालिकेचा दिवा तुम्हाला बंद करता येणार नाही. तो कटर लावून तोडा, म्हणजे काळं कापड आडवं धरून नायिकेवर त्याचा प्रकाश पडू देऊ नका. मग तुमचा दिवा उंचावरून, खांबाच्याच दिशेने मारा आणि त्यावर जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा. ली कंपनीचं ६५२ नंबरचं 'अर्बन सोडियम' नावाचंच जिलेटिन मिळतं. भाड्याच्या सामानात नसेल तर फुल सीटीओ (नारिंगी जिलेटिन) दुहेरी लावून बघा, जवळ जाईल. आणि देवासाठी व्हाइट बॅलन्स हाताने ठेवा. भाग १ ची एक फ्रेम मोबाइलवर नाही, मॉनिटरवर शेजारी लावून डोळ्याने जुळवा.

पक्की_गिरगावकर
पांढरे दिवे बघवत नाहीत. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हला लावले होते तेव्हा क्वीन्स नेकलेसचा पार दवाखाना झाला होता. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, मग पुन्हा पिवळसर आले. आमच्या गल्लीसाठी कोण जातंय कोर्टात.

नियमावली
रस्त्यावर शूट करायचं तर पालिका आणि पोलीस दोघांची परवानगी लागते, हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. सोसायटीचं पत्र वेगळं. जनरेटर आणणार असाल तर तो कुठे उभा करणार तेही लिहून द्या. रात्री दहानंतर आवाजाचा नियम आहे, किंकाळ्या डबिंगला घ्या.

उशिराची_लोकल
परवानगी आहे. ती विचारलीच नव्हती. काका, ६५२ लिहून घेतलं, खूप आभार. टॅक्सीचं सांगा कोणीतरी.

खिडकीतली_सीट
टॅक्सीचं काय झालंय? तुम्ही फक्त "मिळत नाहीये" लिहिलंय. ॲपवर बोलवा.

उशिराची_लोकल
पद्मिनी हवी आहे! भाग १ च्या शेवटी ती चाळीच्या दारातून बाहेर पडते आणि समोर काळी-पिवळी पद्मिनी उभी असते. ती तिच्याकडे धावते आणि तिथे संपतो. आता दार उघडून आत बसायचंय.

पक्की_गिरगावकर
झालं कल्याण. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी म्हणून चालत नाही. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत. जुन्या डबलडेकरही त्याच्याच महिनाभर आधी गेल्या. एकाच पावसाळ्याच्या शेवटी दोन्ही. आमच्या लहानपणी वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळावी म्हणून आम्ही दोन बस सोडायचो.

तिसरी_घंटा
वारा काय यायचा तिथे!

मेरे_पास_चाळ_है
शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणारे लोक आहेत मुंबईत, पद्मिनी ठेवतात. पण गाडीवरचे स्टिकर, काचेवरची पट्टी, टपावरचं कॅरियर, नंबर प्लेट हे सगळं भाग १ शी जुळवून घ्या. एक दिवसाचं भाडं ऐकून बसाल खाली.

त्यापेक्षा गाडी दाखवूच नका. तिचा धावतानाचा चेहरा, दाराचा तो पद्मिनीचा पत्र्याचा आवाज, कट, आत रेक्झिनची सीट आणि तिचे गुडघे. रेक्झिनची सीट कुठेही मांडता येते.

प्रेक्षक_क्रमांक_१
आवाजावर भागवायचे दिवस गेले. आता पोरं मोबाइलवर थांबवून थांबवून बघतात आणि स्क्रीनशॉट टाकतात. मीही टाकतो. 'हॅलोविन'मध्ये गाव इलिनॉयमधलं म्हणतात, ऑक्टोबर महिना म्हणतात, आणि मागे कॅलिफोर्नियातली ताडाची झाडं उभी. वाळलेली पानं म्हणून रंगवलेली पानं टाकली होती, शूट वसंतात केलेलं. गाड्यांच्या नंबर प्लेटही कॅलिफोर्नियाच्या. दिसतंच ना सगळं?

सेटवरची_वही
दिसतं, पण तुम्हाला कितव्यांदा बघताना दिसलं ते सांगा.

मी मालिकांना कंटिन्युइटी करते, त्यामुळे बोलते. माणूस पडद्यावर आधी चेहरा बघतो, मग हात, मग ज्याच्याकडे पात्र बघतंय ती वस्तू. झाडं, भिंती, मागची गाडी यांवर नजर जाते ती प्रसंग कंटाळवाणा झाला की. म्हणून ताई, जीव केसांत आणि हातात घाला. तुमची टॅक्सी मात्र मागची नाही, ती तिच्याकडे धावतेय. तेव्हा 'मेरे पास चाळ है' यांचं निम्मं बरोबर आहे. एक शॉट तरी खऱ्या गाडीचा द्या, लांबचा, काळोखातला चालेल. त्यासाठी गाडी पूर्ण रात्र लागत नाही, आधी तेवढं उरका आणि सोडून द्या.

आता पट्टी. भांडण कशावरून झालं? जखम नक्की कुठल्या हाताला झाली होती?

उशिराची_लोकल
तेच तर. आमच्या स्टिल्समध्ये जखम उजव्या हाताला आहे. फिल्ममध्ये शेवटच्या शॉटला डाव्या हातातून रक्त टपकतंय. मेकअपदादा शपथेवर सांगतो त्याने उजव्याला लावलं होतं.

सेटवरची_वही
फिल्म कुठे बघायला मिळेल? लिंक टाका.

उशिराची_लोकल
टाकली, वर धाग्याच्या सुरुवातीला जोडलीय.

खिडकीतली_सीट
बघितली. पाचव्या मिनिटाला आजी म्हणते "आज अमावस्या, बाहेर पडू नकोस" आणि पुढच्याच शॉटला गच्चीवर हा एवढा गरगरीत चंद्र.

उशिराची_लोकल
तो एडिटरने कुठूनतरी आणून चिकटवला.

सेटवरची_वही
मीही बघितली, शेवट थांबवून. मेकअपदादा खरं बोलतोय. तुमच्या नायिकेची चमकी सगळ्या फिल्मभर डाव्या नाकपुडीत आहे. शेवटच्या शॉटमध्ये उजवीकडे गेलीय. कुर्त्याचा खिसासुद्धा उलट्या बाजूला आहे, आणि दाराच्या वरची घराच्या नंबराची पाटी बरोबर कापली जाईल इतकं फ्रेम आत ओढलंय. शॉट आरशासारखा फ्लिप केलाय. ती डावीकडे बघत धावायला हवी आणि कॅमेऱ्यात उजवीकडे धावत होती, म्हणून एडिटरने उलटवला. हे नेहमी करतात. फक्त कोणाला सांगत नाहीत.

उशिराची_लोकल
एक मिनिट. आत्ताच फोन करते त्याला.

काळा_पडदा
काय नजर आहे! चमकीवरून चोर पकडला.

प्रेक्षक_क्रमांक_१
म्हणजे लोक थांबवून बघतात हे सिद्ध झालं की नाही?

सेटवरची_वही
तीन वर्षं लिंक पडून आहे, तुमच्यासकट एकाला तरी दिसलं होतं का?

उशिराची_लोकल
तो म्हणतोय, "हो, केला होता फ्लिप, त्यात काय एवढं." मग आता पट्टी डाव्या हाताला बांधू? लोकांनी तर डावाच बघितलाय.

तिसरी_घंटा
डावा. लोकांनी जे बघितलं तेच खरं.

सेटवरची_वही
थांबा. डावा केलात तर पूर्ण भाग २ मध्ये डावाच जपावा लागेल, आणि भाग १ मध्ये काच फुटते तिथे उजवाच हात आहे, तो लोकांनी जास्त वेळ बघितलाय. माझ्या मते उजव्यालाच बांधा. तसंही भाग २ च्या सुरुवातीला मागचा शेवट पुन्हा दाखवणार असाल ना? तिथे तो शॉट सरळ करून घाला. चमकी जागेवर, हात जागेवर.

मेरे_पास_चाळ_है
सरळ केला की ती टॅक्सीपासून लांब पळताना दिसेल. फ्लिप त्याचसाठी केला होता, तुम्हीच म्हणालात.

सेटवरची_वही
मग तो शॉट काढाच. रिकॅप पुन्हा शूट करा, शनिवारी दिवे लागलेले असणारच आहेत.

कोजागिरीचं_दूध
'ईव्हिल डेड २'ने तेच केलं! १९८७ चा. पहिल्या भागाचं फुटेज वापरायचे हक्क हातात नव्हते, म्हणून मागची गोष्टच थोडक्यात नव्याने शूट केली, आणि तीही बदलून. पहिल्या भागात पाच जण जातात, इथे ॲश आणि लिंडा दोघंच. लोक अजून वाद घालतात की हा सीक्वेल आहे की तोच सिनेमा परत काढलाय. आणि २०१८ च्या 'हॅलोविन'ने तर मधले सगळे सीक्वेल झालेच नाहीत असं धरलं. कंटिन्युइटीचा प्रश्नच मिटवला.

काळा_पडदा
म्हणजे डोळ्यातल्या गोळ्याही रद्द. माझा मुद्दा संपला.

उशिराची_लोकल
ठरलं. पट्टी उजव्याला. रिकॅप नव्याने, विग घालूनच, म्हणजे विग-विग तरी जुळतील. दिव्याला ६५२. पद्मिनी एका शॉटला. एक मुलगा ओळखीचा आहे म्हणतोय, त्याच्या मामाने घरगुती वापराची ठेवलीय, फिकट निळी.

लाइटवाला_काका
निळी असली तरी आणा. आत्ताच सांगितलं ना, सोडियममध्ये निळं करडं दिसतं. टपाला पिवळा कागद लावा, लांबून खपून जाईल. फक्त समोरून हेडलाइट मारू नका, रंग उघडा पडेल.

नियमावली
खाजगी गाडी टॅक्सी म्हणून दाखवताय. नंबर प्लेट झाका.

पक्की_गिरगावकर
आणि भाग १ मध्ये टॅक्सीचा मीटर पाडलेला होता की उभा, ते बघून ठेवा. डावीकडे बाहेरच्या बाजूला असायचा तो. अर्थात तुमच्याकडे शॉट फ्लिप असेल तर देव जाणे कुठे असेल.